वासुदेवरावांची चप्पल

हेमलतेनं काफीचा पेला हातात दिला आणि रघुपती गेला. म्हणजे देहानं तिथंच होता, मल्लेश्वरमच्या वासुदेवरावांच्या पडवीत, वेताच्या खुर्चीवर, आईसोबत त्यांची मुलगी बघायला आलेला. पण अंगणातल्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडाखाली सकाळचं धुकं अजून रेंगाळत होतं, तिच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वास त्यात मिसळला होता, आणि त्या वासाचं बोट धरून रघुपती कुठल्याशा तळ्याकाठी पोचला होता. तळ्यात ढग पोहत होते. कारखान्यात दिवसभर लोखंड कापणाऱ्या माणसाला असं तळं सापडलं, तर त्यानं लगेच परत का यावं?

"क्वार्टर्स मिळतात म्हणे तुम्हाला?" वासुदेवरावांनी विचारलं.

रघुपती तळ्यातले ढग मोजत होता.

"अहो रघुपतराव?"

डोळे उघडे, नजर झाडावर, पेला कलतोय.

वासुदेवरावांची धाकटी बहीण भागीरथीबाई अर्धशिशीसाठी कपाळावर सुंठेचा लेप थापून दारात बसली होती. ती किंचाळली, "फेफरं! अण्णा, फेफरं!"

त्याच क्षणी पेला कलंडला. कढत काफी मांडीवर सांडली आणि रघुपती हातपाय झाडत उडाला.

"आकडी पण आली! धरा, धरा!"

वासुदेवरावांनी चप्पल आणली. इतक्या झटकन, की जणू ती त्याच कामासाठी दाराशी ठेवलेली असावी. चिकपेटची सगळी बाजारपेठ तुडवून आलेली ती चप्पल त्यांनी पाहुण्याच्या नाकाला लावली. भागीरथीबाईनं त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. पोळलेल्या मांडीवर पाणी घालावं, हे कुणाला सुचलं नाही. आपल्याकडे शहाणपण नेहमी चपलेतूनच येतं.

"अहो, सोडा त्याला!" रघुपतीची आई सुनंदाबाई ओरडली. "काही झालं नाही. तो लहानपणापासून असाच आहे!"

"लहानपणापासून?" वासुदेवरावांनी भुवया उंचावल्या.

"शाळेत मास्तर हाका मारून दमायचे, हा आपला खिडकीबाहेर..."

"सरी, बरोबर! बाईंनीच कबूल केलं!"

"मी स्वप्न बघत होतो," रघुपती चपलेआडून म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. मागून काही ध्यानात राहत नाही त्यांच्या."

"माझ्या आहे ना! तळं होतं, ढग पोहत होते..."

"देवा," भागीरथीबाई म्हणाली, "भासही होतात!"

मग वासुदेवराव गरजले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही, कळलं? रोग लपवून मुलगी पदरात पाडून घ्यायला आलात! निघा!" आरडाओरड्यानं भागीरथीबाईची अर्धशिशी चढली, अपमानानं सुनंदाबाईचं कपाळ ठणकू लागलं, संतापानं वासुदेवरावांच्या कानशिलाची शीर उडू लागली, आणि रघुपतीचं डोकं चपलेच्या वासानं फुटायची वेळ आली. प्रत्येक जण डोकं धरून बसला. मुलगी बघायला आले होते, आणि मुलीकडे कुणी बघतच नव्हतं.

"अण्णा, स्वल्प थांबा," हेमलता म्हणाली. "त्यांना फिट नव्हती. झाडावरून फूल पडलं, तशी त्यांची नजर फुलाबरोबर खाली आली. फिटमध्ये तसं होत नाही. मला माहीत आहे. फिट मला येते."

"हेमा!"

"हातपाय झाडत नाही मी. बोलता बोलता थांबते, क्षणभर जग जातं, आणि परत येतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना लपवलं म्हणता, अण्णा? मग 'सांगू नकोस' असं मला कोण म्हणालं?"

वासुदेवराव मटकन बसले. "मोडलं. सगळं मोडलं."

सुनंदाबाईनं पिशवी उचलली.

"आई, बस," रघुपती म्हणाला. "माझी काफी सांडली. दुसरी प्यायची आहे."

"अरे, पण..."

"मी गेलो की तासभर येत नाही, ते चालवून घेतलंस ना? ती तर क्षणात येते. आणि आपण होऊन सांगितलं तिनं. या पडवीत दुसरं कोण खरं बोललं?"

सुनंदाबाई उभीच राहिली. हेमलता दुसरी काफी घेऊन आली. "साखर..." ती म्हणाली आणि थांबली. डोळे झाडावर लागलेले. पेला कलायला लागला. रघुपतीनं खालून हात दिला. भागीरथीबाईचा हात सवयीनं चपलेकडे गेला, पण रघुपती त्या चपलेवरच पाय रोवून उभा होता.

झाडावरून एक फूल गिरक्या घेत उतरलं. हेमलतेची नजर हलली नाही. रघुपती तळ्याकाठी बसून राहावं, तसा वाट बघत राहिला.

"...स्वल्प कमी घालू का?" ती म्हणाली.

"चालेल."

सुनंदाबाईनं पिशवी खाली ठेवली. "मलाही दे गं घोटभर. डोकं चढलंय."

वासुदेवराव खाकरले. मग पुन्हा खाकरले.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "पाय स्वल्प उचला. पेढे आणायला जायचंय, अनवाणी कसा जाऊ?"