सातव्या दिवसाचं पातेलं

मारिनाल्वाच्या स्वयंपाकघरात मोठ्ठं पातेलं चुलीवर चढलं, तेव्हापासून त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त मतं होती तिच्या दिराला, वाल्दोमिरोला. पाला जाडा वाटलाय, आच मोठी झालीय, पाणी जरा हात राखून घाल, आई असती तर तिने लाकडी डाव घेतला असता. मारिनाल्वा प्रत्येक मतावर "हो भावजी" म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. नवरा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिने दिराचा मान कमी केला नव्हता. जेवायला बसताना पहिलं ताट अजून त्याचंच असायचं.

पातेल्यात मानिसोबा होता. ज्या कंदाचा साबुदाणा होतो, त्या कसाव्याचा पाला कच्चा खाल्ला तर माणूस मरतो आणि सात दिवस उकळून खाल्ला तर दुसरं ताट मागतो, हे बेलेम गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ऑक्टोबरात नाझारेच्या माउलीची मिरवणूक निघते, त्या रविवारी घरोघरी हाच बेत. इतकी वर्षं या घरात सासूबाई तो करायच्या. चाळीस वर्षांत कुणाचं साधं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. मार्चमध्ये सासूबाई गेल्या आणि डाव मारिनाल्वाच्या हातात आला. त्यातून वरच्या खोलीत पाहुणे उतरले होते, पोर्तुगालहून आलेले अबिलिओसाहेब आणि त्यांच्या पत्नी ग्रासाबाई. समुद्र ओलांडून ही माणसं मानिसोबा खायला आली होती, त्यामुळे मारिनाल्वाची आठवडाभर झोप उडाली होती.

वाल्दोमिरोची अडचण निराळी होती. जूनमध्ये तो धक्क्यावर घसरून पडला आणि गुडघा टम्म सुजला. तेव्हा तो माउलीला नवस बोलला, की मिरवणुकीत माझ्या पायांनी चालू दे, त्याआधी चाळीस दिवस डुकराच्या मांसाला शिवणार नाही. गुडघा बरा झाला. नवस गुपचूप फेडला असता तर गोष्ट वेगळी, पण त्याने तो गल्लीभर सांगितला. खाटकाच्या दुकानासमोरून जाताना तो मान वळवून जायचा, आणि तेही चार लोक बघत असतील तेव्हा. मारिनाल्वाला त्याचं फार कौतुक. तिने पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की आमचे भावजी म्हणजे साधू आहेत.

साधू छत्तीस दिवस टिकले. सदतिसाव्या दिवशी, बुधवारी, पातेल्यात खारवलेलं मांस, डुकराचे कान आणि चरबीचे तुकडे पडले आणि घरभर तो वास सुटला. तीन वाजता रोजच्यासारखा पाऊस आला. या गावात लोक पावसाआधी भेटतात किंवा पावसानंतर, मधला तासभर सगळं गाव टांगलेल्या झोळ्यांमध्ये आडवं असतं. वाल्दोमिरो एकटाच उठला. नुसता पाला चाखायचा, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. पाला म्हणजे भाजी, भाजीला कसला नवस? आता पाल्याला मांसाचा एखादा दोरा चिकटून आला, तर त्यात त्याचा काय दोष? गुरुवारी त्याने वाडगा घेतला. शुक्रवारी वाडग्यावर भाजका कसाव्याचा रवाही भुरभुरला. शनिवारी तर दोन वाडगे झाले. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा तो खायचा, आणि पाऊस थांबला की झोळीत जाऊन माउलीची क्षमा मागायचा.

रविवारी तो मिरवणुकीत गुडघा न दुखता चालला. घामाने निथळत घरी आला तेव्हा त्याच्या मनात एकच विचार होता, की आता राजरोस खायचं. टेबलावर सहा ताटं मांडली होती. पाहुणे दोघं, मारिनाल्वा, तिची मुलगी सुएलेन, ऐंशी ओलांडलेली ओदेतेआत्या आणि वाल्दोमिरो. मध्यभागी पातेलं. आतला प्रकार काळा-हिरवा, पावसाळ्यातल्या शेणासारखा दिसणारा. ग्रासाबाईंनी तो पाहून क्षणभर डोळे मिटले, पण त्या धीराच्या होत्या.

मारिनाल्वाने डाव उचलला, तेवढ्यात अबिलिओसाहेबांनी खिशातून वही काढली. त्यांचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं होतं, लिहून ठेवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. पातेलं नक्की कधी चढवलं, एवढंच त्यांनी विचारलं.

"गेल्या रविवारी, दुपारी," मारिनाल्वा म्हणाली.

"सोमवारी, आई," सुएलेन म्हणाली. "रविवारी गॅस कुठे होता? सोमवारी गाडी आली तेव्हा तूच धावलीस ना, एका पायात चप्पल घालून?"

चप्पल मारिनाल्वाला आठवली. साहेबांनी वहीत सहा लिहिलं. मग ओदेतेआत्याला भरून आलं. तिने सांगितलं, की बुधवारी सकाळी तिने कॉफीसाठी पातेलं खाली उतरवलं होतं, कॉफी प्यायली, जरा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा जेवणवेळ झाली होती. मग गुपचूप परत चढवलं. साहेबांनी सहा खोडून साडेपाच केले आणि तो आकडा गिरवत विचारलं, की रात्री आच चालू असायची ना? यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाई रात्री गॅस बंद करायच्या की नाही, हे चाळीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"मला वाटतं," साहेबांनी पेनाला टोपण लावलं, "आपण हे खाऊ नये."

मारिनाल्वाने डाव खाली ठेवला. ती रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं. तिने ॲप्रनला हात पुसले आणि म्हणाली, की चाळीस वर्षं या टेबलावरून कुणी उपाशी उठलं नाही, पहिल्याच वर्षी माझ्या हातून हे झालं. मग दोन फडकी घेऊन तिने पातेल्याचे कान धरले. मागच्या अंगणातल्या मोरीत ओतायला निघाली होती ती.

आता वाल्दोमिरोची पंचाईत झाली. पातेलं निर्धोक आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला तोंड उघडायची सोय नव्हती. बोलावं तर चाळीस दिवसांचं साधुत्व बुडालं. गप्प बसावं तर वहिनीचे आठवड्याचे कष्ट मोरीत. त्याने दाराकडे पाहिलं, माउलीच्या तसबिरीकडे पाहिलं. माउलीनेही काही खूण केली नाही. मारिनाल्वा उंबरठ्यापर्यंत पोचली.

"थांब वहिनी," तो म्हणाला. "त्याने काही होत नाही."

"तुम्हाला काय माहीत, भावजी?"

"मी खाल्लंय."

"कधी?"

"बुधवारपासून. रोज. पावसात."

बाहेरून मिरवणुकीतल्या उरल्यासुरल्या लोकांचं गाणं ऐकू येत होतं, तेही नेमकं त्याच वेळी थांबलं. ओदेतेआत्याने कपाळावर क्रूस काढला. मारिनाल्वाने पातेलं परत टेबलावर ठेवलं आणि दिराकडे अशी पाहत राहिली, की त्याला गुडघा पुन्हा दुखतोय असं वाटू लागलं. अबिलिओसाहेबांना मात्र नवसाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी त्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पापणी ओढून डोळा पाहिला आणि जाहीर केलं, की माणूस ठणठणीत आहे, झालंच तर वजन वाढलेलं दिसतंय. म्हणजे पातेलं पास. घरात एकदम जीव आला. ताटं पुढे सरकली, भरलीही. हात दाखवून अवलक्षण झालं खरं, पण जेवण तर वाचलं, असं वाल्दोमिरोने मनाला समजावलं.

सगळ्यांत जास्त आनंद झाला सुएलेनला. "म्हणजे काका, तुम्ही होतात होय," ती म्हणाली. "आणि मी आपली घाबरतेय, की माझ्याकडून आटलं, आता आई सोलून काढणार. पाणी घातलं तर पातळ व्हायला लागलं. मग फ्रिजमध्ये उरलेला कच्चा पाला होता ना, दोन किलो, तो घातला, तेव्हा कुठे नीट दिसायला लागलं."

"कधी घातलास?" मारिनाल्वाने विचारलं.

"शुक्रवारी. पाऊस थांबल्यावर."

सहा चमचे तोंडापर्यंत न पोचता सहा ठिकाणी थांबले. साहेबांनी साडेपाच खोडले आणि दोन लिहिले. वाल्दोमिरोने शनिवारचे दोन वाडगे आठवले आणि तो खुर्चीला धरून बसला. साहेबांनी पुन्हा नाडी पाहिली. व्हायचं ते एव्हाना झालं असतं, असं ते म्हणाले, पण त्यांनी वहीत त्याचं नाव आणि वय लिहून घेतलं, ते काही त्याला आवडलं नाही.

त्या दिवशी साऱ्या बेलेमने मानिसोबा खाल्ला आणि मारिनाल्वाच्या घरी भात, मिरची आणि भाजका रवा. अखेर ग्रासाबाई वर गेल्या आणि पेटी उघडून त्यांनी सार्डिन माशांचे चार डबे आणले, आपल्याकडून म्हणून. समुद्र ओलांडून आलेल्या पाहुण्यांनी स्वतःच्याच गावचे मासे खाल्ले. ते सगळ्यांना आवडलेही, पण मारिनाल्वाने आपलं ताट तसंच ठेवलं.

साहेबांनी हिशेब केला, की शुक्रवारपासून सात दिवस म्हणजे येता शुक्रवार. त्यांनी परतीची तिकिटं पुढे ढकलली. आता खाल्ल्याशिवाय जाणार नाही, असं ते म्हणाले, तेव्हा मारिनाल्वा पहिल्यांदा थोडी हसली. पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. राखणीला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा ती दिराकडे न पाहताच बोलली.

"वाल्दोमिरो बसतील."

भावजी नाही. वाल्दोमिरो. चारचौघांत तिने त्याला नावाने हाक मारली, आणि ती हाक त्याला नाडी बघण्यापेक्षाही लागली. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तेच. वाल्दोमिरो, पाणी घाला. वाल्दोमिरो, सरका जरा. ताटही आता शेवटचं यायला लागलं. गल्लीत कुणी नवसाबद्दल विचारलं की तो हवापाण्यावर बोलायचा. पण त्याने एक ठरवलं. चुलीशेजारी खुर्ची टाकली, झाकणावर हात ठेवला आणि तोंड उघडलं नाही, खायला नाही आणि मत द्यायलाही नाही. पाऊस यायचा, वास यायचा, पोटात कावळे ओरडायचे. मग त्याला तिथेच झोप लागायची, पण हात झाकणावरून हलायचा नाही. जागा झाला की आधी तो हाताकडे बघायचा.

शुक्रवारी दुपारी पुन्हा सहा ताटं मांडली. मारिनाल्वाने झाकण उचललं. आतला मानिसोबा चांगला दोन बोटं खाली गेला होता.

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

"मी नाही," वाल्दोमिरो म्हणाला. "माउलीची शपथ."

माउलीचं नाव ऐकून ओदेतेआत्या खोकली. सुएलेनने खाली पाहिलं. ते पाहून वाल्दोमिरोला स्वतःचीच शंका यायला लागली. झोपेत खाल्लं असेल का आपण? पन्नाशी उलटल्यावर माणसाचा काय भरवसा? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्याला जागाही सापडेना.

"त्यांनी खाल्लं नाही," मारिनाल्वा म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?" आत्याने विचारलं.

"मी रोज पावसात खिडकीमागे उभी होते. ते झोपायचे, पण हात झाकणावर. मग साहेब यायचे. त्यांचा हात हळूच उचलायचे, वाडगाभर खायचे, आणि हात पुन्हा होता तसा झाकणावर ठेवायचे. आमच्या घरात एवढ्या हळुवारपणे कुणी कुणाचा हात धरला नाही."

अबिलिओसाहेब लाल झाले. ते प्रयोगाबद्दल, नोंदींबद्दल काहीतरी पुटपुटले. ग्रासाबाई एवढंच म्हणाल्या, की तरीच हे चार रात्री जेवत नव्हते.

"अगं, मग तू अडवलं नाहीस?" आत्या म्हणाली. "पाहुणा माणूस. कच्चं असतं म्हणजे?"

"एवढ्या लोकांना वाढायचं, आत्याबाई, आधी कुणीतरी खाऊन बघायला नको?" मारिनाल्वा शांतपणे डाव पुसत म्हणाली. "घरच्या माणसाला एकदा धोका झाला, पुन्हा त्यांनाच कसं सांगू? साहेब तर औषधवाले. काही झालंच असतं, तर काय घ्यायचं ते निदान त्यांना ठाऊक होतं."

साहेबांनी वही मिटली आणि ती पुन्हा उघडली नाही. मारिनाल्वाने पहिलं ताट भरलं. भात, वर काळा-हिरवा मानिसोबा, शेजारी रवा आणि मिरची. ते ताट घेऊन ती पाहुण्यांना ओलांडून पुढे आली आणि वाल्दोमिरोसमोर ठेवलं.

"बसा, भावजी."

तो बसला. सगळे बघत असताना त्याने पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. कसं झालंय, असं तिने विचारलं. मिठाला थोडं कमी होतं. पण वाल्दोमिरोने मान डोलावली, डोळे पुसले आणि दुसरं ताट मागितलं.