दोनशे तेरावं मत

मी कल्याणप्पा. शाळेत बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर गुप्तहेर झालो. उमरग्यापासून थेट हैदराबादपर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. पुढचं मला माहीत नाही. आतापर्यंत तीन प्रकरणं हाताळली. त्यातली दोन आपोआप सुटली, हा माझा दबदबा.

चौथं प्रकरण ग्रामपंचायतीचं. आमच्या वॉर्डातून शिवांजली उभी होती. तिला दोनशे बारा मतं पडली, विरोधकालाही दोनशे बारा. मग चिठ्ठी काढली, ती विरोधकाची निघाली. तिच्या जिवलग मैत्रिणीनं, गायत्रीनं, घरोघरी फिरून दोनशे तेरा पक्क्या नावांची यादी केली होती. मग एक मत गेलं कुठं? शिवांजलीला वाटलं, गायत्रीच फिरली. दोघींचं बोलणं बंद झालं. चौथ्या दिवशी गायत्री डोळे पुसत माझ्याकडं आली.

"सर, पद गेलं तर जाऊ द्या. पन ती माझ्याकडं बघंना झालीया. काय बी करून ते मत शोधा."

माझं शस्त्र तयार होतं, सांख्यिकीय भौतिकशास्त्र! एकटा कण काय करील ते सांगता येत नाही, पण लाखो कण नियमानं वागतात. मतदार म्हणजे छोटासा चुंबक; शेजारचा वळतो तिकडं हाही वळतो. याच अभ्यासासाठी मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच मी केंद्रापासून शंभर मीटरवर लिंबाखाली वही घेऊन बसलो होतो. कोण कुणाबरोबर आलं, कुणाशी बोललं, सगळं टिपलं. जेवायलाही उठलो नाही. माझी बायको मथुराबाई मत टाकायला आली तेव्हा डबा देऊन गेली.

उलटा फिरलेला चुंबक नेहमी दोन गटांच्या हद्दीवर सापडतो. हद्दीवर रामकिसनचं घर होतं, विरोधकाच्या भिंतीला भिंत लागून. मी त्याला गाठलं.

"रामकिसन, तुझ्यावर शेजारचा परिणाम झालाय."

"सर, त्या भिंतीवरनं आमची सात वर्षं कोर्टात केस चालू हाय."

कोर्टाची तारीख माझ्या सूत्रात धरलेली नव्हती. मग मी तापमानाकडं वळलो. तापमान चढलं की कण सैरभैर होतात. बलभीम त्या दिवशी लाल डोळ्यांनी झोकांड्या खात आला होता, अशी माझ्या वहीत नोंद होती.

"ताप हुता सर, एकशे दोन," बलभीम म्हणाला. "गायत्रीताईनं रिक्षात घालून नेलं, तवा मत पडलं."

खरंच, यादीत त्याच्या नावापुढं लाल पेनानं ‘आणायचे’ असा शेरा होता. तसाच शेरा नव्वदीच्या चन्नबसप्पांपुढं होता. त्यांना तर खुर्चीसकट उचलून नेलं होतं.

शेवटी मी यादीतली सगळी माणसं मारुतीच्या पारासमोर जमवली. शिवांजलीही आली, पण गायत्रीपासून लांब बसली. मी हुकूम सोडला, "बोटं दाखवा!"

शाई लागलेली बोटं वर झाली. चन्नबसप्पांचंही खुर्चीतून वर झालं. मी दोनदा मोजली.

"दोनशे बारा! म्हणजे मत फिरलेलं नाही, ते पडलेलंच नाही. एक आसामी फरार आहे. स्टँडवर माणूस पाठवा!"

"अवो," मथुराबाई म्हणाली, "तुमचं बोट दावा की."

"मी निरीक्षक आहे. निरीक्षकाला प्रयोगात धरत नाहीत."

"यादीत धरलंय, सर," गायत्री हळूच म्हणाली. पहिलंच नाव माझं होतं.

मी माझ्या डाव्या हाताचं बोट पाहिलं. लख्ख होतं. दिवसभर केंद्रासमोर बसलेल्या माणसाचं मत पडलंच असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिवांजली उठली आणि गायत्रीजवळ जाऊन बसली. "चुकलं गं माझं," म्हणाली. दोघी आधी रडल्या, मग माझ्याकडं बघून अशा हसत सुटल्या, की सगळा पार हसायला लागला.

"सर, दिसभर तुमी तितं काय करत हुता?" शिवांजलीनं विचारलं.

"मतदानाचा अभ्यास," मी म्हणालो.

पुढच्या निवडणुकीसाठी गायत्रीनं ती यादी जपून ठेवली आहे. परवा मी ती पाहिली. माझ्या नावापुढंही आता लाल पेनाचा शेरा आहे, चन्नबसप्पांच्या नावापुढं आहे तोच: ‘आणायचे’.