पप्पांच्या कंबरेसाठी घेतलेली गादी

सोफ्याच्या पैशांत गादी घ्यायची, एवढंच रितेशनं ठरवलं होतं. त्यातून कुणाचं लग्न अडचणीत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. स्वतःचं येईल असं तर मुळीच नाही.

रितेश स्वीडनमध्ये वस्तूंचं डिझाइन शिकला होता. तिथली नोकरी नाकारून तो अंबरपेठेतल्या घरी परत आला, तो देशाच्या उपयोगी पडायला. (देश कामात होता, म्हणून त्यानं घरापासून सुरुवात केली.) कशावर जास्तीचे पैसे घालावेत, याचा त्याच्याकडे एक सिद्धांत होता. जी वस्तू रोज घरच्यांच्या अंगाला लागते ती उत्तम घ्यावी. जी नुसती पाहुण्यांच्या नजरेला पडते ती कशीही चालेल. घरात आजवर बरोबर उलटं चाललं होतं. सोनेरी काठाचे कप काचेच्या कपाटात, आणि पप्पा, म्हणजे हिम्मतराव, कान तुटलेल्या कपातून चहा पीत. रितेशनं एकदा त्यांना सोनेरी कपातून चहा दिला. हिम्मतरावांनी तो उभ्याउभ्या, दाराकडे बघत संपवला आणि कप स्वतः धुऊन ठेवला. त्याच दिवशी आईनं, म्हणजे सुशीलाबाईंनी, कपाटाला कुलूप घातलं.

तर, सोफा. हॉलमधल्या सोफ्याची मधली स्प्रिंग वर आली होती. घरचे लोक दोन कडांना बसत, आणि एखादा पाहुणा मध्ये टेकायला लागला की सुशीलाबाई "इकडं पंख्याखाली या" म्हणून त्याला खुर्चीवर नेत. पण रविवारी येणारे पाहुणे साधे नव्हते. प्राजक्ताचे आईवडील घर बघायला येणार होते. रितेश आणि प्राजक्ता यांचं आपसांत ठरलं होतं; अडलं होतं ते तिच्या वडिलांच्या होकारावर. किशोरराव मूळचे पुण्याचे, इथं सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि त्यांचा एकच प्रश्न होता: स्वीडनची नोकरी सोडून येणाऱ्या मुलाला व्यवहार कळतो का?

सुशीलाबाईंनी पैसे देऊन रितेशला आबिड्सच्या बाजारात सोफा आणायला पाठवलं. टेम्पोतून गादी उतरली.

"सोफा कुठंय?"

"आई, सोफा कोण वापरतं? पाहुणे. तेही कधीतरी. पप्पांची कंबर रोजची आहे."

हे खरं होतं. हिम्मतरावांच्या जुन्या कापसाच्या गादीला मधोमध खड्डा पडला होता, आणि सकाळी त्यातून बाहेर यायला त्यांना भिंत, खिडकीचा गज आणि देवाचं नाव, तिन्ही लागायची.

"अरे, पण रविवारी पप्पांची कंबर बघायला कोण येणारंय?" सुशीलाबाई म्हणाल्या.

रितेशनं वडिलांना नव्या गादीवर झोपवलं. हिम्मतराव उताणे झाले, कुशीवर वळले, डोळे मिटून पडून राहिले. मग म्हणाले, "हौ. चांगली आहे. इतकी चांगली आहे की आपण नक्को वापरायला."

"म्हणजे?"

"खराब होईल रे बेटा."

गादी प्लॅस्टिकसकट भिंतीला टेकवून उभी राहिली, आणि हिम्मतराव खड्ड्यात परत गेले.

रविवारी रितेश उस्मानिया बिस्किटं आणायला नामपल्लीला गेला, तेवढ्यात सुशीलाबाईंनी आपला मार्ग काढला. शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्कांना हाक मारून दोघींनी सोफा उचलला आणि दिसू नये म्हणून रितेशच्या खोलीत टाकला. रितेशचा पलंग हॉलमध्ये आणला. त्यावर पप्पांची गादी घातली आणि तिच्यावर लग्नातली भरतकामाची चादर.

"आई, निदान प्लॅस्टिक तरी काढायचं!" रितेश परत आल्यावर म्हणाला.

"आणि चहा सांडला म्हणजे?"

पाहुणे आले. प्राजक्ता, तिची आई अलकाताई आणि मध्ये किशोरराव अशी तिघं गादीवर बसली. बसताच चादरीखालून चर्रर्र असा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला नाही असं दाखवलं. गादी उत्तम प्रतीची होती, म्हणजे बसणाऱ्याला ती सावकाश आपल्यात घेत असे. बोलणी सुरू झाली तेव्हा किशोरराव ताठ होते. हवापाण्याचं बोलून होईपर्यंत त्यांची पाठ भिंतीला टेकली होती.

"प्राजक्ता सांगत होती, तुमचे काही विचार आहेत," ते म्हणाले. "खर्चाबद्दल. ऐकू द्या जरा."

हाच तो प्रश्न, हे रितेशनं ओळखलं. तो खुर्चीत पुढं सरकला आणि बोलू लागला. माणसानं जास्तीचा पैसा कुठं घालावा, कुठं घालू नये. दिखावा कशाला म्हणतात. स्वीडनमधल्या त्याच्या घरमालकिणीकडे तिच्या आजीची कात्री कशी अजून चालत होती. किशोरराव मान हलवत होते. त्या प्रोत्साहनानं रितेश चपलांवर आला, चपलांवरून चाकूंवर. चर्रर्र झालं. किशोरराव कलंडले, तशा मायलेकी उठून बाजूला झाल्या. मग आणखी एक दीर्घ चर्रर्र, पाय वर आले, आणि रितेश चादरींच्या विणीबद्दल सांगत असताना त्याचे होणारे सासरे घोरू लागले.

सुशीलाबाईंनी मुलाकडे जे बघितलं त्यात सोफा होता.

"उठवते मी," प्राजक्ता म्हणाली.

"खबरदार उठवलंस तर!" अलकाताई कुजबुजल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "कितीतरी महिन्यांनी असे झोपलेत. अमेरिकेतल्या लोकांशी बोलून बोलून झोपच उडालीय त्यांची. गोळ्या झाल्या, काढे झाले. अहो, काय केलंत तरी काय तुम्ही?"

"गादी," रितेश म्हणाला.

"भाषण," प्राजक्ता म्हणाली.

पुढचा सगळा कार्यक्रम स्वयंपाकघरात, उभ्यानं आणि हळू आवाजात झाला. सुशीलाबाईंनी कुकर लावायचं टाळलं. शिटी झाली असती. भाग्यलक्ष्मीअक्का "अय्यो, पसंत पडलं का?" विचारत आल्या, त्यांना हातानंच परत पाठवलं. हिम्मतराव तेवढे हॉलच्या दारात उभे होते. आपल्या गादीवर इतका मोठा माणूस निजलाय, या अभिमानानं ते कंबर धरून बघत होते.

"मलाही पहिल्यांदा ऐकताना अशीच डुलकी आली होती," प्राजक्ता रितेशला म्हणाली. "मग मी उभी राहून ऐकायला लागले."

दिवेलागणीला किशोरराव जागे झाले. चेहरा लहान मुलासारखा. त्यांनी गादीवर हात फिरवला, चर्रर्र ऐकलं आणि विचारलं, "ही कुणी निवडली?"

"मी," रितेश म्हणाला. आता गेलंच, असं त्याला वाटलं.

"व्यवहार कळतो याला," किशोरराव अलकाताईंना म्हणाले. "तारीख काढा."

लग्न ठरलं. सिद्धांत सिद्ध झाला. रितेशनं त्याच संध्याकाळी गादी पप्पांच्या पलंगाकडे न्यायला घेतली, तर हिम्मतराव आडवे आले.

"नक्को. ती आता व्याह्यांची गादी आहे."

"पप्पा, ते रविवारी येतील. बाकीचे दिवस तुम्ही झोपा!"

"आणि खड्डा पडला म्हणजे?"

तेव्हापासून किशोरराव दर रविवारी जेवायला येतात आणि झोपून जातात. बाकीचे दिवस हॉलमध्ये रितेशचा पलंग, त्यावर ती गादी, तिच्यावर ते प्लॅस्टिक आणि ती चादर असते, आणि तिथं कुणी बसत नाही. रितेश आपल्या खोलीत सोफ्यावर झोपतो. स्प्रिंग बरोबर कंबरेशी येते.

एक दिवस सकाळी भिंत आणि खिडकीचा गज धरून तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि आईला म्हणाला की निदान तो सोफा तरी आता बदलू या. रोज अंगाला लागतो.

सुशीलाबाईंनी कान तुटलेल्या कपातून त्याला चहा दिला.

"तुझ्या खोलीतला सोफा," त्या म्हणाल्या, "बघायला कोण येणारंय?"