मधीच बंद करता येतंय ना?

आमच्या शेजारचे सोपानकाका वेबसाइटचा प्लॅन घ्यायला आले, की खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकतात. मग रुमालाखाली माझी बोटं धरतात आणि हळूच विचारतात, "बोला. कितीला?"

काकांनी आयुष्यभर बैलबाजारात दलाली केली. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. माझं जालन्यात वेबसाइट बनवून देण्याचं छोटं दुकान आहे आणि माझे भाव भिंतीवर छापून लावलेले आहेत. काका तिकडे बघतसुद्धा नाहीत. "भिंतीवरचा भाव गिऱ्हाइकाला, ताई. आपला वेगळा."

त्यांच्या वेबसाइटचं नाव 'दावण'. तिच्यावर आमच्या टेंभुर्णी गावातल्या बैलांचे पोळ्याचे फोटो आहेत, खाली बैलाचं नाव, मालकाचं नाव आणि काकांचा शेरा. 'सर्जा. चालीला हलका. पोरांना मारत न्हाई.' एकाखाली नुसतं 'खादाड' एवढंच. काकांचे स्वतःचे बैल केव्हाच गेले. त्यांच्या गोठ्यात आता पुतण्याचा ट्रॅक्टर उभा असतो. त्याचाही फोटो आहे, पण शेऱ्याविना.

हे सगळं वंदनासाठी. वंदना त्यांची एकुलती एक लेक, जर्मनीत नोकरीला. लहानपणी गावातल्या निम्म्या बैलांची शिंगं तीच रंगवायची. फोटो फोनवर पाठवा की, असं मी सुरुवातीला म्हणाले होते. काकांना ते पटलं नाही. "फोनवर धाडणं म्हंजे बैल रस्त्यात दाखवणं. बघणाऱ्यानं दावणीला यावं."

साइटला इंटरनेटवर जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या मुलीशी काका माझ्याच टेबलावरून हिंदीत बोलतात. "बेटा, ये अनलिमिटेड मतलब कितना? आकडा बोलो." ती म्हणते, अनलिमिटेड म्हणजे अनलिमिटेड. "ऐसा कैसा? बैल कितना भी खींचेगा बोलके मैंने कभी बेचा नहीं." एकदा त्यांनी आठवडाभर वापरून बघायला मागितलं. "औताला जुंपल्याबिगर बैल कोण घेतं?" मुलगी हसली आणि तिने खरंच आठवडा फुकट दिला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंतीवरचा कागद काढायच्या बेतात होते.

श्रावण लागला की ते मोठा प्लॅन घेतात, पोळा सरला की पुन्हा लहानावर येतात. मी त्यांना समजावलं होतं, की साइटवर मोजून दोन ठिकाणांहून माणसं येतात. जालना जिल्ह्यातून, म्हणजे तुम्ही. आणि जर्मनीहून.

"मला ठावं हाय. पण पोळ्याला गर्दी झाली आन् तिनं दार वाजवल्यावर उघडलंच न्हाई, तर?"

प्लॅन कुठलाही असो, घेतात एकाच महिन्याचा. पैसे भरायच्या आधी ठरलेला प्रश्न, "मधीच बंद करता येतंय ना?" येतंय म्हटलं की रुमाल झटकून खांद्यावर. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न.

माझी बाकी सगळी गिऱ्हाइकं, बियाणंवाले, मंगल कार्यालयवाले, दातांचे डॉक्टर, वर्षाचं एकदम भरतात. महिन्याच्या यादीत काका एकटेच. मला अर्धवट कामं आवडत नाहीत. यंदा पोळा झाल्यावर ते आले, तेव्हा मी ठरवूनच बसले होते.

"काका, वर्षाचा घ्या. निम्म्यात पडतो. वर भाव वाढायची भानगड नाही."

"नगं."

"अहो, तुम्ही दलाल माणूस. उघड्या डोळ्यांनी तोटा करून घेताय."

"तोटा कळतो मला, ताई." त्यांनी रुमालाची घडी केली, मोडली. "वंदी म्हनली, हातातलं काम उरकलं की येते. तवापास्नं मी महिन्यामहिन्यानंच भरून राह्यलो."

हे ती कधी म्हणाली, ते मी विचारलं नाही. ही साइट मीच उभी केली होती, आणि तिच्यावर तीन पोळे झाले होते.

"ती आली म्हंजे दावण कोणासाठी चालू ठिवायची? हात धरून खऱ्याच दावणीला नेईन की. रंगाचे डबे बी आणून ठिवलेत." मग रुमालाकडे बघत म्हणाले, "वर्षाचं भरलं, तर मीच म्हनल्यावानी व्हतं. ह्या साली बी येत न्हाई म्हून."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं.

काकांनी रुमाल माझ्या हातावर टाकला. त्याखाली माझं एकच बोट धरलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

मी एका महिन्याचं भरून टाकलं.

"मधीच बंद करता येतंय ना?"

"येतंय, काका," मी म्हणाले. "वंदना आली, की त्याच दिवशी."