मणीला पावडर लागते का

मी संतापलेलो आहे, आणि हे लिहून झाल्यावरही संतापलेलाच असेन. उभी हयात तंजावूरच्या बातमीदारीत गेली. खतातली भेसळ पकडली, रेशनच्या तांदळातले खडे साहेबांच्या टेबलावर ओतले. अशा माणसाला एक डॉक्टर सांगतो, कुत्र्याला पावडर सुरू करा.

मणी दहीभात अर्धा टाकू लागला म्हणून त्याला दाखवायला नेलं होतं, एवढंच.

"काय खातो?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहीभात, रसमभात, शनिवारी इडली," कमलाक्षी म्हणाली. (ही माझी बायको. तिच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नावही काढायचं नाही.)

"मग प्रोटीन कुठंय? मटण नाही तर ही पावडर द्या. ही घेतली की मांसाची गरज राहत नाही."

"रक्त तपासलंत?" मी कडाडलो. "मग कशावरून कमी? अंगावर तकाकी आहे, वजन वाढलंय. धंदा आहे हा."

"अहो, हळू. मणी घाबरतोय."

आधी तपास, मग पावडर, असं मी जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मणीच्या मागावर निघालो. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून तो थेट एका बिर्याणीवाल्याच्या मागच्या दाराशी गेला. मालकाने हाडांची थाळी पुढे सरकवली.

"रोजचं गिऱ्हाईक, सार," तो कौतुकाने म्हणाला.

बातमी हातात होती: पावडर नको. पण ती घरी सांगणार कशी? मणी देवघराच्या उंबऱ्याशी झोपतो. कमलाक्षीला हे कळलं असतं तर त्याच दिवशी त्याची रवानगी तिच्या भावाच्या शेतावर, पापनाशमला. (या घरात मी आलो की उठून उभा राहणारा तो एकटाच आहे.) साखळी बांधून पाहिली, तर असा आक्रोश केला की शेजारी धावले. शेवटी संताप गिळून मी स्वतःच पावडरचा डबा आणला. आणि मणीने पुरावा तोंडाला लावून घरी येऊ नये म्हणून रोज ओला पंचा घेऊन त्याच्या मागे जाऊ लागलो. त्याचं खाणं होईपर्यंत दाराशी थांबायचं, तोंड पुसायचं, परत आणायचं.

शुक्रवारी कमलाक्षी उंबऱ्यातच उभी होती.

"शेजारच्या शेषम्माने पाहिलंय तुम्हाला. बिर्याणीवाल्याच्या मागच्या दाराशी. रोज."

"अगं, मी..."

"तोंड पुसायला पंचासुद्धा नेता म्हणे. अय्यो, या वयात. आणि वर त्या मुक्या जिवाला सोबत नेता. त्याला काय वाटत असेल?"

एका वाक्यात सुटलो असतो. जन्मात कधी बातमी दाबली नाही मी. मणी तिच्या पायाशी बसून स्वच्छ पुसलेल्या तोंडाने माझ्याकडे बघत होता.

दाबली.

आता तो देवघरापाशी झोपतो आणि मी तिण्णैवर, रस्त्याकडच्या ओट्यावर, डासांच्या संगतीत. आज दुपारी ताकाचा पेला आला, त्यात पिवळी पावडर तरंगत होती.

"डॉक्टर म्हणाले ना, ही घेतली की मांसाची गरज राहत नाही," कमलाक्षी म्हणाली.

माझं रक्त तपासलंस का, असं मी कडाडणार होतो. तेवढ्यात तिने डबा फिरवला, मागचा तक्ता लक्षपूर्वक वाचला आणि विचारलं, "तुमचं वजन किती हो?"