चाकाच्या मापाचा हार

मापाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! गणपतीकडे लांबून पाहून मी हाराला किती सुतळी लागेल ते सांगतो. नवरदेव घोड्यावर असतानाच त्याच्या गळ्याचा अंदाज घेतो! वलगावहून आमच्याकडे शेवंती-झेंडूची पोती येतात आणि अमरावतीत घराच्या ओट्यावरच आमचं हारफुलांचं दुकान आहे. हार करत करतच मी मोठा झालो. त्यामुळे सायकलच्या चाकाचं माप घेणं म्हणजे आपल्याला अगदीच किरकोळ काम, असं मला वाटलं होतं.

सायकल माझ्या बायकोची, वर्षालीची. सगळ्यात स्वस्तातली, बिनगिअरची, जुनीच घेतलेली. रोज सकाळी कॅरिअरला टोपली बांधून ती घरोघरी फुलपुड्या पोचवते. लोक पूजेला बसायच्या आत फुलं दारात हवीत, नाहीतर ते दुसऱ्याकडून घेतात. पण त्या सायकलची दोन्ही चाकं इतकी आऊट झाली होती, म्हणजे इतकी वाकडी, की चालवताना सायकल नाचायची आणि वर्षाली हँडल धरून तिची समजूत घालायची! मागच्या आठवड्यात तर ती पडलीच. कोपर सोलून निघालं. घरी येऊन म्हणते काय, "जासवंद सारी चुरगळली व माय!"

मी म्हटलं, "चाकं बदलून टाकू."

"काहून? चालून राह्यली ना! आधी मायचा चष्मा करा."

स्वतःवर खर्च म्हटला की हिचं असंच. आधी माय, मग पोरं, मग दुकान. तिचा नंबर येईपर्यंत वर्ष संपतं! मला फार वाईट वाटलं. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या, पुड्या दुप्पट होणार होत्या. मी मनाशी ठरवलं की हिला न सांगता नवीकोरी चाकं आणायची आणि आयुष्यात एकदा तरी हिच्यासाठी एक काम धड करून दाखवायचं.

अमरावतीत घेणं शक्य नव्हतं. इथल्या यच्चयावत सायकलवाल्यांच्या देव्हाऱ्यात वर्षालीचीच फुलं असतात. सकाळी चाक विचारलं की दुपारी तिला बातमी! म्हणून अकोला गाठायचं ठरलं. तिथल्या जुन्या बाजारातल्या वामनराव सायकलवाल्याचं नाव एका मित्रानं दिलं होतं. टायरवरचा आकडा घासून केव्हाच नाहीसा झाला होता. म्हणून दुपारी वर्षाली जरा आडवी झाली असताना मी चाकाभोवती सुतळी फिरवली, माप घेतलं, गाठ मारली आणि सवयीनं सुतळी खिळ्याला टांगून दिली.

घोटाळा झाला तो इथे! हा खिळा आमच्या बापापासूनचा. गिऱ्हाईक फोटोचं, दाराचं, नाहीतर ट्रॅक्टरच्या तोंडाचं माप सुतळीनं घेऊन येतं. ती गाठीची सुतळी खिळ्यावर जाते आणि घरात ज्याचा हात रिकामा असेल तो हार ओवून मोकळा होतो. कोणी कोणाला काही विचारत नाही.

सकाळी उठून पाहतो तर माझ्या मापाची सुतळी गायब, आणि पाटावर हा भला मोठा हार!

"काहो, येवढ्या मोठ्या हाराची ऑर्डर कोनाची?" वर्षालीनं विचारलं. "करून टाकला म्या. गिऱ्हाईक आलं असतं त पंचाईत झाली असती."

"अकोल्याची," माझं तोंड आपोआप बोललं. "सत्कार आहे."

"मंग बसून काय राह्यले? निघा ना! फुलं कोमेजून जातीन!"

तिनं हारावर पाणी शिंपडलं, केळीच्या पानात गुंडाळला आणि मला घराबाहेर काढलं.

स्टँडवर बसून मी हार सोडायला घेतला. आतली सुतळी तेवढीच मला हवी होती. पण शेवंतीची सगळी तोंडं एका बाजूला, मध्ये झेंडूची ओळ, गाठ म्हणून कुठे दिसत नाही. सोललेल्या कोपरानं केलेलं काम होतं ते! मला काही ते तोडवेना. हार तसाच मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो.

बडनेरा गेलं आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "कोन गेलं, भाऊ?"

"कोनी नाही जी."

"लपवून काय होते? रडू येत असन त येऊ द्या."

त्यानं मला खिडकीची जागा दिली. मूर्तिजापूरला एका बाईनं स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. कंडक्टरसुद्धा माझ्याशी खालच्या आवाजात बोलू लागला. अकोल्याला उतरेपर्यंत मलाच वाटायला लागलं, की खरंच आपलं कोणीतरी गेलं असावं.

वामनरावांचं दुकान सापडलं. म्हातारा खाली बसून एका चाकाच्या तारा आवळत होता.

"वामनराव तुमीच ना जी?"

"हो. काय काम होतं?"

"तुमच्याकडेच आलो," असं म्हणत मी माप दाखवायला पानातून हार काढला आणि दोन्ही हातांनी वर धरला.

वामनरावांनी हाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसले, डोक्यावरची टोपी काढली, उभे राहिले आणि मान खाली वाकवली!

आता मला सांगा, मी काय करायचं? हारवाल्याच्या घरात जन्मलेला माणूस वाकलेल्या मानेपुढून हार मागे कसा घेईल? घातला!

चाकाच्या मापाचा तो हार त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. शेजारचा शिंपी टाळ्या वाजवत धावत आला. "वामनरावचा सत्कार! अमरावतीहून आले पाव्हने!" चहा आला. चार दुकानदार जमले. मग "भाषन! भाषन!" असा गलका सुरू झाला. मी जन्मात भाषण केलेलं नाही. म्हटलं, "चाक हाये म्हनून दुनिया फिरून राह्यली, अन् वामनराव हायेत म्हनून चाक!" टाळ्यांचा कडकडाट! वामनरावांनी टोपीनं डोळे पुसले. "उभ्या जन्मात कोनं गळ्यात फूल नाही टाकलं, भाऊ," ते म्हणाले.

मग मी चाकांचा विषय काढला. वामनरावांचा उत्साह तर नुसता ओसंडत होता. लोखंडी रिम दाखवल्या, ॲल्युमिनियमच्या दाखवल्या.

"टोपलीत ओली फुलं राहतेत," मी म्हणालो. "चाकावर दिवसभर पानी टपकते."

"मंग लोखंड घेऊ नका, गंजते. ही चमकदार घ्या, हलकी आहे. बाईमानसाले पायडल मारायले सोपी. साइज?"

"माप आनलं आहे जी!"

"कुठं आहे?"

मी त्यांच्या छातीकडे पाहत राहिलो. माझं माप तिथे झेंडूच्या ओळीत झोके घेत होतं! पण सत्कारमूर्तीच्या गळ्यातून हार मागायचा कोणत्या तोंडानं? अखेर एकदाची युक्ती सुचली.

"वामनराव, एक फोटो काढू. हा हार चाकाले घालून!"

"अस्सं बोल्ले!" ते खुशीत येऊन म्हणाले. "मान त चाकाचाच आहे!"

त्यांनी स्वतःच्या हातानं हार काढला आणि एकेका चाकाला घालत गेले. मी फोटो काढत गेलो. चोवीस इंची चाकावरून हार सरळ घसरून जमिनीवर आला. सव्विसाच्या चाकावर लोंबला. अठ्ठाविसाच्या चाकावर मात्र असा चापून बसला, जणू त्याच्याचसाठी ओवला होता.

"हेच!" मी ओरडलो.

"पन लेडीज सायकलले बहुतेक सव्वीस राहते, भाऊ."

"मापात आपन चुकत नाही जी!"

हार त्यांच्या गळ्यात परत गेला आणि दोन चाकं माझ्या खांद्यावर आली. मी अमरावतीला पोचलो तेव्हा वर्षाली गजरे द्यायला देवळात गेली होती. मैदान मोकळं! मी जुनी चाकं सटासट काढली. तेवढ्यात दारावरून भंगारवाला चालला होता. ऐटीत त्याला ती देऊन टाकली आणि नवं चाक बसवायला घेतलं.

चाक दोन दांड्यांच्या चिमट्यात जाईना. मी ढकललं. मग ठोकलं. मायला सायकल धरायला बोलावलं. माय म्हणाली, "देवानंद, हे चाक बैलगाडीचं त नाही ना रे?"

वर्षाली आली तेव्हा सायकल उलटी पडली होती, तिला एकही चाक नव्हतं आणि मी दोन्ही चाकं मांडीवर घेऊन बसलो होतो. सगळं सांगावंच लागलं. सुतळी, खिळा, हार, वामनरावांची मान. ती ऐकत राहिली. मग कपाळावर हात मारला.

"अहो, गाठीच्या मापाबरहुकूम कोन ओवते? गाठीच्या पुढं वीतभर सैल नाही का ठेवा लागत? गळ्याले काचलं नाही पायजे!"

हा वीतभराचा नियम तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कोणी शिकवला होता? मीच!

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या आणि घरात चाक नसलेली सायकल. टोपली मी डोक्यावर घेतली. वर्षाली पुढे, मी मागे. पहिल्या दोन-चार गल्ल्यांतच माझी मान अवघडली आणि ती मात्र भराभर चालत होती. एका दारात म्हातारी आजी वाट पाहत बसली होती. "आज घंटी नाही वाजली, म्या समजली तू आजारी पडली," असं म्हणत तिनं वर्षालीचं कोपर हातात घेऊन पाहिलं. पण पुढे दोन घरी ऐकावं लागलं, "उशीर केला, बाई. बाजारातून आनली फुलं." त्या पुड्या वर्षालीनं परत टोपलीत ठेवल्या आणि पावलं आणखी वाढवली. एवढा मोठा फेरा ती रोज मारते आणि घरी येऊन मलाच चहा विचारते! मला तिचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

सण आटोपल्याबरोबर आम्ही दोघं सायकलचा सांगाडा आणि दोन्ही चाकं घेऊन अकोल्याला गेलो. वामनरावांच्या भिंतीवर तो हार वाळून टांगलेला होता.

"या बाई! हा पाहा माह्या सत्काराचा हार," ते म्हणाले. "कोनाच्या हातचा आहे काय माहीत, पन काय ओवला आहे!"

आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. वर्षालीनं माझ्या पायावर पाय दिला.

"माह्याच हातचा आहे, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच ओवला होता."

म्हातारा इतका खुलला की त्यानं दुसरं गिऱ्हाईक उभंच राहू दिलं नाही. जातीनं सव्विसाची चाकं बसवली, हवा भरली आणि घंटीही घासूनपुसून दिली. वर्षालीनं दुकानापुढे एक चक्कर मारली. सायकल जराही नाचली नाही. तिचा चेहरा पाहून माझा सगळा शीण गेला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीतून बाहेर पाहत हसत म्हणाली, "पाहा ना, साऱ्या अमरावतीच्या गळ्यात माहे हार. आता अकोल्याच्याही पडला. अन् माह्या गळ्यात? लग्नात पडला तेवढाच."

ती हसत होती, मला मात्र हसू येईना. फुलांच्या घरात ही बाई इतकी वर्षं राहिली आणि तिला एक हार घालायचं कोणाला सुचलं नाही! कोणाला म्हणजे, मलाच.

मग मी दुसरा बेत केला. हार मी स्वतः ओवणार, माझ्या हातानं! दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली असताना हळूच गळ्याभोवती सुतळी धरली, माप घेतलं आणि गाठ मारली. या खेपेला खिळ्याच्या वाटेला गेलोच नाही. सुतळी सदऱ्याच्या खिशात घातली आणि वर बटण लावलं.

सकाळी वर्षाली समोर उभी, हातात शेवंतीचा देखणा हार.

"काहो, ही लहान ऑर्डर कोनाची? खिळ्यावर होती. करून टाकला."

मी मायकडे पाहिलं. ती माझा ओला सदरा झटकत होती.

"असा काय पाहून राह्यला, देवानंद? खिशात गाठीची सुतळी निघाली," माय म्हणाली. "मंग खिळ्यावरच टांगीन ना!"

मी तो हार घेतला आणि तिथेच, ओट्यावर, वर्षालीच्या गळ्यात घातला. "ऑर्डर तुहीच आहे," म्हटलं. तिचे डोळे भरून आले. हारावरून तिनं एकदा हात फिरवला. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल.

"आधी नाही सांगता येत?" ती म्हणाली. "गुलाब टाकले असते ना!"

आणि हार तसाच गळ्यात ठेवून, घंटी वाजवत ती पुड्या वाटायला निघून गेली. मापाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, हे मी आजही म्हणतो. फक्त या घरात सुतळी लपवायची कुठे, तेवढं कोणाला माहीत असेल तर सांगा.