सहा मिनोग्यांच्या प्रवेशाबाबत

दार हे मुळात बंद ठेवण्यासाठी असतं. उघडंच ठेवायचं तर भिंतीत नुसतं भगदाड पुरलं असतं. लेनिनग्राडच्या आमच्या संशोधन संस्थेनं हे तत्त्व फार निष्ठेनं पाळलं. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला पास लागे. पास देणारी खिडकी फाटकाच्या आत होती (मंगळवार व गुरुवार, दोन ते साडेतीन). एका वर्षात चारशे बारा प्रवेश नाकारण्यात आले, त्यात गळका नळ दुरुस्त करायला आलेले दोन प्लंबर धरलेले आहेत. (नळ अजून गळतो, पण नियमानं गळतो.)

याच संस्थेत रिम्मा इग्नात्येव्ना अकरा वर्षं एकच गोष्ट मोजत होती: माशांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना जो पातळ पडदा असतो, त्यातून बारीक रेणू आत कसे जातात. प्राणवायू सरळ घुसतो, त्याला कुणी हटकत नाही. साखरेसाठी पडद्यात वेगळं दार असतं. पण साखरेसारखा दिसणारा, पेशीला अजिबात न पचणारा रेणूही त्याच दारातून बिनबोभाट आत जातो. दार चेहरा बघतं आणि सोडतं. (एवढ्या ढिसाळ पहाऱ्यावर मासे कोट्यवधी वर्षं टिकले कसे, अशी पृच्छा संचालकांनी एका बैठकीत केली होती.)

एकच मोजमाप राहिलं होतं. ते झालं तर प्रबंध पुरा. नाही झालं तर नव्या वर्षात प्रयोगशाळेला टाळं. त्यासाठी नदीतले जिवंत मिनोगे हवे होते. मिनोगा म्हणजे सापासारखा लांबट, बिनजबड्याचा मासा. तो मिळतो शरदातले मोजके आठवडे. हंगामाच्या शेवटच्या बुधवारी सहा मिनोगे बादलीत घेऊन ती फाटकाशी आली.

पहारेकरी प्रोखोर येरेमेयेविच बादलीवर वाकला.

"पास?"

"हा घ्या."

"तुमचा नको हो, तुम्हाला अकरा वर्षं बघतोय. यांचा?"

"खिडकी उद्या उघडणार, प्रोखोर येरेमेयेविच. तोवर मरतील हे."

"मेलेल्यांचा अर्ज वेगळा असतो," तो कळवळून म्हणाला.

रिम्माला रडू यायचंच बाकी होतं. बादलीतला एक मिनोगा उलटा व्हायला लागला होता. आणि त्याच्याकडे बघता बघता तिला आपली ती न पचणारी साखर आठवली.

"माझं जेवण आहे ते," ती म्हणाली.

"मग मघाशीच नाही का सांगायचं? जेवणाला कशाला पास? दोन किलोपर्यंत चालतं." त्यानं पुन्हा वाकून पाहिलं. "आणि हे पाणी?"

"रस्सा."

त्यानं बादली स्वतः उचलून आत ठेवली. "मोहरी लावा बरं का. आमची ही तशीच करते."

मोजमाप झालं, आणि असं नेटकं झालं की रिम्मा खुर्चीत बसून एकटीच हसली.

तेरा दिवसांनी विद्वत्सभेचा आक्षेप आला. फाटकावरच्या वहीनुसार त्या महिन्यात संस्थेत एकही मासा आलेला नव्हता. एक जेवण आलं होतं, रश्श्यासह. तेव्हा संबंधितांनी एकतर मासे विनापास आणल्याचं कबूल करावं (पहारेकऱ्यास बडतर्फ करण्यात येईल), नाहीतर जेवण जेवल्याचा दाखला द्यावा. प्रोखोर येरेमेयेविचच्या पेन्शनीला सात महिने उरले होते. रिम्मानं दोन दिवस काही खाल्लं नाही. मग दाखला लिहून दिला: "सहाही खाल्ले. मोहरी लावून."

खाल्लेल्या प्राण्याचं रक्त विज्ञानाला चालत नाही. सबब तिचे निष्कर्ष संस्थेच्या खानावळीच्या वार्षिक अहवालात वर्ग करण्यात आले. खानावळीनं त्या वर्षी शोधांचं उद्दिष्ट (शून्य) ओलांडून सर्वोत्तम विभागाला मिळणारं फिरतं लाल निशाण पटकावलं. प्रयोगशाळेत हल्ली पासांच्या जुन्या वह्या ठेवतात. अकरा वर्षांचं काम मोहरीत गेलं, याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं, आणि तशी नोंदही आहे.

तुम्हाला हसू आलं असेल तर आवरा. तुमच्याही तांबड्या पेशींना तसंच दार आहे, आणि याही क्षणी ते कुणालाही आत घेतंय. फार कशाला, तुम्ही स्वतः या गोष्टीत पहिल्या ओळीतून आत आलात, तेव्हा पास कुणी मागितला? वाचकासारखे दिसत होतात, म्हणून सोडलं.